चारही चाकांची जुनी गाडी



पावस आणि मोटारगाडी अशी जोडी ऐकून काही मंडळींना नवल वाटेल. पावसला लोक येतात ते स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीच्या दर्शनाला. रत्नागिरीहून भाट्ये, फणसोप, गोळप करीत डांबरी सडकेने यायचे, दर्शन घ्यायचे, प्रसाद घ्यायचा आणि संध्याकाळच्या आत परत जायचे. एवढ्याला कोणतीही गाडी चालते. प्रश्न उभा राहतो तो सडक सोडल्यावर. आमची घरे सडकेवर नाहीत. कुणाचे पऱ्याच्या पलीकडे, कुणाचे कलमांच्या बागेच्या डोक्याशी. तिथे जाणारी वाट म्हणजे दोन बाजूंना गडगे आणि मधे तांबडी माती. उन्हाळ्यात या वाटेने आंब्याच्या पेट्या उतरतात. आणि मग तो पावसाळा येतो, वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाणी ओतणारा. मातीचे लोणी होते, जांभ्यावर शेवाळ धरते, आणि तीच वाट पायी चढणेही जिवावर येते.

माझ्या घराचा चढ दोनशे पावलांचा आहे. काही वर्षांपूर्वी जुलैच्या एका रात्री आईच्या छातीत दुखू लागले. दारात गाडी होती, चांगली नवी, लहान गाडी. चढ उतरून खाली गेलो की सडक, आणि सडकेने रत्नागिरी. पण संध्याकाळी ती गाडी वर चढलीच नव्हती, अर्ध्या वाटेवर आडवी होऊन गडग्याला टेकली होती आणि वाट अडवून बसली होती. शेवटी वाडीतल्या चार मुलांनी लाकडी खुर्चीला दोन बांबू बांधले, वर प्लास्टिकचा कागद धरला आणि आईला खाली आणले. "अरे, मला पाडू नका रे," एवढेच ती सारखी म्हणत होती. आई बरी झाली. पण त्या रात्रीनंतर मी ठरवले की घरी चारही चाकांनी चढणारी गाडी हवी. आणि खिशात होते एका आंब्याच्या हंगामाचे पैसे. म्हणजे गाडी जुनीच घ्यायची.

ती गाडी घेताना मी कसा फसलो ते आधी सांगतो, कारण फसण्यातच बरेच शिकलो.

एका विक्रेत्याकडे, गाव सांगत नाही, दणकट दिसणारी एक डिझेल गाडी होती. मुख्य गिअरच्या शेजारी दुसरा छोटा दांडा. विक्रेत्याने तो ओढून दाखवला, समोर हिरवा दिवा लागला. डांबरी रस्त्यावर दोन मैल फिरवून आणली. गाडी लोण्यासारखी चालली. मी पैसे मोजले. पहिल्या पावसात आमच्या चढावर आलो, दांडा ओढला, दिवा लागला, आणि मागची दोन चाके जागच्या जागी गरगर फिरत राहिली. पुढची दोन ढिम्म. दुसऱ्या दिवशी आमचे मिस्त्री गाडीखाली गेले आणि लगेच बाहेर आले. म्हणाले, "गुरुजी, ही फोर व्हील नाय. फोर व्हीलचा दांडा असलेली गाडी हाय." पुढच्या चाकांकडे जोर नेणारा प्रोपेलर शाफ्टच कुणीतरी काढून ठेवलेला! आवाज करतो, डिझेल खातो, रोज लागत नाही, म्हणून काही मालक तो काढून टाकतात. दिवा लागतो तो दांड्याच्या जागेवरून. चाक फिरते की नाही याची त्याला दादही नसते.

म्हणून पहिली गोष्ट : गाडीखाली वाकून बघा. लाज बाळगू नका, जुने धोतर नेसून जा हवे तर. मधल्या पेटीतून दोन शाफ्ट निघालेले दिसले पाहिजेत, एक मागे, एक पुढे. शाफ्टच्या टोकाला जो क्रॉस असतो, तो हाताने हलवून बघा. खडखडला तर बदलायला आला. मग मोकळ्या मातीत किंवा रेतीत गाडी न्या, डांबरावर नव्हे, दांडा टाका आणि बाहेर उभे राहून दुसऱ्याला गाडी चालवायला सांगा. चाके फिरतात की नाही ते बाहेरूनच कळते.

डांबरावर का नाही, तेही सांगतो. जोताचे दोन बैल वळताना बाहेरच्या बैलाला जास्त चालावे लागते हे तुम्ही पाहिले आहे. गाडी वळते तेव्हाही प्रत्येक चाकाची वाट वेगळ्या लांबीची असते. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत दांडा टाकला की पुढची आणि मागची धुरी एकमेकींना जखडली जाते. चिखलात चाके थोडी घसरून हिशेब पुरा करतात. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत, म्हणून सगळा ताण शाफ्टवर आणि गिअरवर येतो. ज्या मालकाने "आम्ही नेहमी फोर व्हीलमध्येच चालवतो" असे अभिमानाने सांगितले, त्याची गाडी घेऊ नका.

आता, चार चाकांना जोर म्हणजे गाडी कुठेही जाते, हाही एक गोड गैरसमज आहे. पुढच्या धुरीचे एक आणि मागच्या धुरीचे एक अशी दोन चाके हवेत लटकली तर सगळा जोर त्याच चाकांकडे धावतो आणि ती नुसती फिरत बसतात. डिफरन्शियलला कुलूप नसेल तर गाडी हलत नाही. उतारावर ब्रेक मारताना तर या गाडीचा दुसऱ्या गाडीपेक्षा काडीचाही फायदा नाही. तिथे कामाला येतो तो छोटा गिअर, म्हणजे इंजिनच्या ओढीने गाडी रांगत उतरवणे. आणि साकवावरून पाणी वाहत असेल तर कोणतीही गाडी घालू नका. पाणी चाकाच्या अर्ध्यावर आले की गाडी तरंगू शकते, मग चार चाकांना जोर असून उपयोग काय?

तुम्ही विचाराल, मग लहान गाडीच का नाही चढली? तिला जोर पुढच्या चाकांचा. चढावर वजन मागे जाते, पुढची चाके हलकी होतात आणि घसरतात. म्हणूनच काही जाणते ड्रायव्हर अशी गाडी चढावर उलटी, रिव्हर्समध्ये चढवतात. युक्ती खरी आहे, पण रात्री पावसात आजारी माणूस घेऊन करायची नव्हे. तुमचा चढ लहान असेल, पाच-पन्नास हजारांत सिमेंटचे दोन पट्टे टाकून भागत असेल, तर आधी पट्टे टाका. असा सल्ला ऐकून गाडीवाले रागावतील, रागावू देत.

आता कोणत्या गाड्या? आपल्याकडे या जातीची सुरुवात विलिज जीपपासून. महायुद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, महिंद्रांनी माझगावात तिची जुळणी सुरू केली. तिचाच वंश पुढे वाढला. १९८५ च्या अखेरीस मारुतीची जिप्सी आली. हलकी, साधी, आमच्या चढावर बकरीसारखी चढणारी. १९९६ नंतरची तेराशे सी. सी. ची अधिक जोरदार. बागेसाठी तिच्यासारखी गाडी नाही. पण मागची आसने आडवी, पाटे कडक, पेट्रोल भरपूर पिणार. सत्तरीच्या आईला त्यात बसवून रत्नागिरीला न्यायचे म्हणजे दुखण्यावर आणखी दुखणे. २०१० सालच्या थारचेही तेच, मागे आडवी बाके. २०२० ची थार बरीच सुधारली, पण तिला दारे तीनच, आणि जुनी घेतली तरी ती आमच्या थैलीच्या बाहेर जाते.

घरगुती माणसाने बघाव्यात त्या पाच दारांच्या गाड्या : बोलेरो आणि स्कॉर्पिओचे फोर व्हील नमुने, टाटा सफारीचे फोर बाय फोर, आणि २०१४ साली आलेली रेनॉ डस्टरची चारचाकी जोराची डिझेल गाडी. यांतली डस्टर वेगळ्या पद्धतीची. तिच्यात दांडा नाही, एक फिरते बटण आहे. पुढची चाके घसरू लागली की मागची आपोआप जोडली जातात. मागच्या चाकांची बांधणी स्वतंत्र, त्यामुळे आसन सुखाचे. वेगळा छोटा गिअर मात्र नाही. पहिला गिअरच आखूड ठेवला आहे. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम लागू झाले आणि तिची डिझेल आवृत्ती बंद पडली. म्हणून घेण्याआधी चौकशी करा की तिचे मागचे जोडणी-यंत्र बिघडले तर उघडणारा माणूस जवळपास कोण आहे. बोलेरो आणि स्कॉर्पिओचा गुण असा की आमच्या बाजूच्या प्रत्येक मिस्त्र्याचा हात त्यांवर बसलेला आहे. माझे मत विचाराल तर खेड्यात हाच गुण सर्वांत मोठा. डस्टरसारख्या गाडीला एक पथ्य आणखी : चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत. दोन नवे, दोन गुळगुळीत असे असले तर बिचारे यंत्र समजते की चाक घसरते आहे, आणि विनाकारण कष्टते.

टायरचे वय त्याच्या अंगावर छापलेले असते. शेवटचे चार आकडे बघा : ३२१९ म्हणजे २०१९ सालातला बत्तिसावा आठवडा. नक्षी छान दिसली तरी सात-आठ वर्षांचे टायर म्हणजे वाळलेले चामडे.

आमच्या किनाऱ्यावर गाडीचा खरा शत्रू इंजिन नव्हे, गंज. खारी हवा तर आहेच. त्यात मासळी वाहिलेली गाडी असेल तर बर्फाचे खारे पाणी तळातून झिरपत चासी खाते. भाट्याच्या, गणेशगुळ्याच्या रेतीत हौसेने पळवलेल्या गाडीच्या चाकांत आणि धुरीत मीठ बसते. गाडीचा तळ नुकताच काळ्या रंगाने चकचकीत रंगवलेला दिसला तर कौतुक करू नका, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. आवाज भद्द आला, पापुद्रा निघाला, तर नमस्कार करून परत या. इंजिन दुरुस्त होते, कुजलेली चासी होत नाही. धुरीचे तेल बघण्याचा बूच मिस्त्र्याकडून उघडून घ्या. तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर आत पाणी गेलेले आहे.

पुराची गाडी ओळखायलाही शिका. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले आणि किती तरी गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन-पुसून, अत्तर मारून पुन्हा विक्रीला उभी राहू शकते. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा, पाण्याची रेघ तिथे राहते. पायाखालची सतरंजी उचला, कोपऱ्यात बारीक गाळ सापडतो. आसनाखालच्या बोल्टांवर गंज का आला, हा प्रश्न विक्रेत्याला विचारा आणि त्याच्या तोंडाकडे बघा.

इंजिनची परीक्षा सकाळी, गार असताना. गेल्यागेल्या बॉनेटला हात लावा. गरम असेल तर तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवलेले आहे. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळते. चालू इंजिनवर तेलाचे झाकण काढले आणि भक्भक् धूर येऊ लागला तर इंजिन थकले. मैलांचा आकडा फिरवता येतो, पण ब्रेकच्या पायपट्टीचे झिजलेले रबर खोटे बोलत नाही.

कागदांत कंटाळा करू नका. नोंदणीपुस्तक, विमा, धुराचा दाखला. कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५. नाव बदलायला नमुने २९ आणि ३०. दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीतली गाडी आमच्या 'एमएच ०८' मध्ये आणायची तर नमुना २८. दिल्लीकडे जुन्या डिझेल गाड्यांवर २०१५ नंतर बंधने आली, तेव्हापासून तिकडच्या स्वस्त गाड्यांचे आकर्षण वाढले. पण राज्य बदलले की आपल्याकडचा कर भरावा लागतो, तो किमतीत मिळवून मगच स्वस्त म्हणा. पंधरा वर्षे झालेली खाजगी गाडी पुन्हा तपासून घ्यावी लागते, पुढची नोंदणी पाच वर्षांची, वर पर्यावरण कर. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाची सवलत तुम्हाला मिळत नाही, आणि नाव न बदलता तुमच्या गाडीचे नुकसान झाले तर भरपाईही अडते.

पैशाचे म्हणाल तर पाच लाख असतील तेव्हा चार लाखांचीच गाडी बघा. उरलेला लाख टायर, तेले, क्रॉस, बेअरिंगे आणि कागद यांत वर्षाच्या आत जातोच. पहिल्या वेळी मी शेवटचा रुपया गाडीत घातला होता, मग शाफ्टसाठी उसने मागत फिरलो.

ती फसलेली गाडी मी तोट्यात विकली, शाफ्ट नाही हे घेणाऱ्याला सांगूनच. दुसरी घेताना मिस्त्र्यांना बरोबर नेले. त्यांचा दिवसाचा रोज आणि दोन्ही वेळचे जेवण दिले. पाच गाड्या बघितल्या, चार त्यांनी खाली वाकूनच नाकारल्या. पाचवी बोलेरो, रंग उडालेला, एका दाराला पोचा, पण तळ कोरडा आणि दोन्ही शाफ्ट जागेवर. तिच्यात आईला आता पुढे बसवतो.

एक गोष्ट तेवढी सांभाळतो. न वापरलेला दांडा गंजून अडकतो, म्हणून महिन्यातून एकदा, उन्हाळ्यातसुद्धा, मातीवर तो टाकून गाडी थोडी चालवतो. त्याला आमचा दोनशे पावलांचा चढ पुरतो. आई ओटीवरून बघत असते आणि दर वेळी विचारते, "चारी फिरतात ना रे?"