अस्सल नक्कल
(आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात केलेलं छोटंसं भाषण)



मी कॉम्प्युटरवाला, चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नाही. तरी आज बोलणार आहे एका चित्रकाराबद्दल. इथे इंग्लंडमध्येच बनावट चित्रांपायी तुरुंगात गेलेल्या.

जॉन मायट हा स्टॅफर्डशायरचा चित्रकला शिक्षक. बायको सोडून गेलेली, दोन लहान मुलं पदरात. १९८० च्या दशकात त्याने 'प्रायव्हेट आय'मध्ये जाहिरात दिली, प्रसिद्ध चित्रकारांच्या शैलीत नकला काढून मिळतील. त्यात लपवाछपवी काहीच नव्हती. मग जॉन ड्रू नावाचं गिऱ्हाईक आलं. त्यानं एक नक्कल अस्सल म्हणून खपवली आणि मायटपुढे साडेबारा हजार पौंड ठेवले. मायटनं ते घेतले. पुढे अशी सुमारे २०० चित्रं झाली. ड्रूनं तर खोटी कागदपत्रं थेट टेट गॅलरीच्या दप्तरात घुसवली!

१९९५ मध्ये पोलीस दारात आले. मायटनं गुन्हा कबूल केला, तपासाला मदत केली. १९९९ मध्ये त्याला एक वर्षाची आणि ड्रूला सहा वर्षांची शिक्षा झाली.

सुटल्यावर पुन्हा ब्रश धरायचा नाही असं मायटनं ठरवलं होतं. पण ज्या पोलीस अधिकाऱ्यानं त्याला पकडलं, त्यानंच आपल्या कुटुंबाचं चित्र त्याच्याकडून काढून घेतलं. मायट पुन्हा नकला करू लागला, पण आता 'अस्सल नक्कल' असं उघड सांगून. आणि ड्रू? एका निवृत्त संगीतशिक्षिकेची पुंजी लाटल्याबद्दल २०१२ मध्ये त्याला पुन्हा आठ वर्षांची शिक्षा झाली.

गुन्हा एकच, माणसं दोन. एकानं चूक मान्य केली, आणि कुणीतरी त्याला काम दिलं. माझ्या मते सुधारणा म्हणतात ती या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच होते.

हे मी का सांगतोय? माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी एजंटनं रेझ्युमेत दोन वर्षांचा अनुभव वाढवून टाकला होता. मी वाचलं आणि गप्प बसलो. पकडलं कुणीच नाही. पण मुलाखतीत कुणी त्या वर्षांबद्दल विचारलं, की पोटात गोळा यायचा. यंदा नव्या कामासाठी अर्ज करताना ती दोन वर्षं खोडली. ते काम हुकलं. बायको म्हणाली, "हुकू दे."

तेव्हा शिक्षा भोगून आलेला कुणी उद्या माझ्याकडे काम मागायला आला, तर आधी मला माझा तो जुना रेझ्युमे आठवेल.