‘हिअरबाय’ : बोलता बोलता करून टाकणारा शब्द



वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. ‘तमाम लोकांस या नोटिशीद्वारे कळविण्यात येते की’ अशी तिची सुरुवात. मग गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, आणि कोणाची हरकत असेल तर ती कधीपर्यंत कळवायची ते. यातला ‘या नोटिशीद्वारे’ हा तुकडा वाचताना डोळा त्यावरून सहज निसटतो. इंग्रजीत त्या जागी ‘हिअरबाय’ असतो. आज मला एवढ्या एका शब्दाविषयीच बोलायचे आहे.

शब्दाची फोड सोपी आहे. ‘हिअर’ म्हणजे येथे, ‘बाय’ म्हणजे ने किंवा द्वारे. हे ‘येथे’ म्हणजे गावातली जागा नव्हे. आत्ता तुमच्या हातात असलेला कागद, आत्ता उच्चारलेले वाक्य. म्हणून ‘हिअरबाय’चा खरा अर्थ ‘या शब्दांनीच’ असा होतो. त्यातला ‘च’ महत्त्वाचा. सरकारी मराठीतले ‘याद्वारे’ बरोबर आहे, पण तो ‘च’ त्यात ऐकू येत नाही. याच कुळातला ‘हिअरविथ’ म्हणजे ‘यासोबत’. अर्जासोबत दाखला जोडला असेल तर तिथे ‘हिअरविथ’ हवा. पुष्कळ लोक तिथे ‘हिअरबाय’ लिहितात. कागदाला कागद जोडणे वेगळे आणि कागदाने काम करणे वेगळे.

शब्दाने काम होते, ही गोष्ट ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी नीट उलगडून दाखवली. १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी व्याख्याने दिली. १९६०मध्ये ते गेले आणि १९६२मध्ये त्या व्याख्यानांचे पुस्तक निघाले. त्यांचे म्हणणे असे : ‘बाहेर पाऊस पडतोय’ हे वाक्य खरे किंवा खोटे ठरवता येते, पण ‘मी वचन देतो’ हे वाक्य कशाची बातमी देत नाही. ते उच्चारणे हेच वचन देणे. मग अशी वाक्ये ओळखायची कशी? ऑस्टिन यांनी सुचवलेली एक खूण म्हणजे आपला ‘हिअरबाय’. ‘मी याद्वारे वचन देतो’ हे चालते. ‘मी याद्वारे पळतो’ म्हणून पाहा. म्हटल्याने पळणे होत नाही, म्हणून वाक्य मोडते.

हे ऐकून मराठी माणसाने फार चकित होण्याचे कारण नाही. आपल्या खरेदीखतात पक्षकारांची नावेच मुळी ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ अशी असतात. दान देताना हातावरून पाणी सोडण्याची रीत आहे. पाणी सुटले की वस्तूवरचा हक्क सुटला. आपण आजही म्हणतो, ‘त्याने वडिलांच्या जमिनीवर पाणी सोडले.’ पाणी तिथे ‘हिअरबाय’चेच काम करते.

मात्र हा शब्द लिहिला की काम झालेच, असे नाही. लिहिणाऱ्याला तो अधिकार हवा आणि रीत पुरी व्हायला हवी. दुसऱ्याचे घर मी ‘याद्वारे’ विकू शकत नाही, आणि माझेही विकायचे तर मुद्रांक आणि नोंदणी चुकत नाही. आणखी एक प्रश्न वेळेचा. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायाधीश सतीश चंद्र यांनी मे १९७७मध्ये राष्ट्रपतींना राजीनाम्याचे पत्र लिहिले. राजीनामा १ ऑगस्टपासून अमलात येईल असे त्यात म्हटले होते. जुलैमध्ये त्यांनी ते पत्र मागे घेतले. प्रश्न उभा राहिला : पत्र लिहिले तेव्हाच पद सुटले की नाही? उच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले, आता परत फिरता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये, तेही बहुमताने, उलट निर्णय दिला : पुढची तारीख घातलेल्या पत्राने त्या क्षणी पद सुटत नाही, ती तारीख येईपर्यंत ते मागे घेता येते. ‘मी राजीनामा देत आहे’ आणि ‘मी अमुक तारखेला राजीनामा देईन’ यांतले अंतर इतके खरे आहे. राजीनामा लिहिणाऱ्या प्रत्येकाने आधी ते अंतर मनाशी पक्के करावे.

आता माझ्या मनातल्या मुख्य जागेकडे येतो. संविधानाच्या उद्देशिकेत आपण सगळे एका लांब वाक्याचे कर्ते आहोत. न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता हे शब्द आपल्याला पाठ असतात. पण त्या वाक्याचे क्रियापद ज्या शब्दावर उभे आहे तो इंग्रजीत ‘हिअरबाय’ आणि मराठीत ‘याद्वारे’. २६ नोव्हेंबर १९४९ या दिवशी, म्हणजे संविधान स्वीकारले गेले त्या दिवशी, काय घडले याची ती नोंद नाही. घडले ते त्या वाक्याने घडले. देणारे आम्ही, घेणारेही आम्ही. लिहून देणार आणि लिहून घेणार एकच.

सतराव्या अनुच्छेदाला हीच कसोटी लावून पाहा. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, असे तो सांगतो. बातमी म्हणून वाचाल तर ती तेव्हाही खोटी होती आणि अनेक गावांत आजही खोटी आहे. तिथे ‘हिअरबाय’ हा शब्द नाही, पण तो मनात घालून वाचा. मग कळते की डॉ. आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते तिच्या हातून आलेले हे वाक्य परिस्थितीचे वर्णन करत नाही. ते अस्पृश्यतेखालचा कायद्याचा आधार काढून घेते आणि ती पाळणाऱ्याला गुन्हेगार ठरवते.

आणि हा शब्द संविधानात पुन्हा अगदी शेवटी भेटतो, ३९५व्या अनुच्छेदात. ब्रिटिश पार्लमेंटने केलेला १९३५चा भारत सरकार कायदा आणि त्याच पार्लमेंटने केलेला १९४७चा भारतीय स्वातंत्र्य कायदा, दोन्ही तिथे ‘हिअरबाय’ रद्द झाले आहेत. तो अनुच्छेद २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आला.