यादीच्या क्रमानं चालताना

निवडणुकीतले काही शब्द आपण रोज वापरतो, पण त्यांच्याकडे निरखून पाहत नाही. ‘उमेदवार’ हा त्यांतलाच एक. फारसीत ‘उमेद’ म्हणजे आशा. उमेदवार म्हणजे आशेवर असलेला माणूस. ‘अनामत’ अरबीतून आली. ‘मतदार’ या शब्दातलं ‘मत’ संस्कृत आणि ‘दार’ हा प्रत्यय फारसी. दोघांचा संसार मराठीत इतका सुखाचा चालला आहे, की कोण कुठून आलं हे विचारण्याची वेळच येत नाही. प्रचारात मात्र पहिला प्रश्न तोच असतो.

नोव्हेंबर २०१६ मध्ये आमच्या तालुक्याच्या गावी नगरपरिषदेची निवडणूक झाली. तिला मी अपक्ष म्हणून उभा होतो. कविता लिहिणाऱ्याला हा उद्योग कुणी सांगितला, असं पुष्कळांनी विचारलं. आमच्या प्रभागात चार दिवसांआड पाणी यायचं आणि वाचनालयाचं छत गळायचं. दोन्हींबद्दल अर्ज लिहून लिहून मी कंटाळलो होतो, एवढंच कारण.

चिन्ह मिळालं कपबशी. त्याच रात्री आमचे प्रचारप्रमुख मतदार यादी आणि तीन रंगांची पेनं घेऊन आले. अनेक निवडणुका पाहिलेले, जिवाला जीव देणारे गृहस्थ. हिरवी खूण म्हणजे आपली मतं, लाल म्हणजे त्यांची, निळी म्हणजे कुंपणावरची. आडनावं वाचत त्यांनी खुणा करायला सुरुवात केली. शेख, पठाण, बागवान झरझर हिरवे झाले. ‘पाटील’ आलं तेव्हा पेन थांबलं. कारण पाटील, देशमुख, इनामदार ही आडनावं आपल्याकडे हिंदूंतही आहेत आणि मुसलमानांतही. मी विचारलं, “अहो, पाण्याची पाइपलाइन रंग बघून फुटते का?” ते शांतपणे म्हणाले, “सर, नळ वेगळा, मत वेगळं.”

मतदार यादी तुम्ही कधी नीट पाहिली आहे का? तीत घर क्रमांक असतो, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय, लिंग, ओळखपत्राचा क्रमांक असतो. धर्माचा रकाना नाही, जातीचा नाही. हे आपोआप झालेलं नाही. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना विभक्त मतदारसंघ दिले. मुसलमान उमेदवारानं मुसलमान मतदाराकडेच जायचं. स्वतंत्र भारतानं ती पद्धत मोडीत काढली. राज्यघटनेचा अनुच्छेद ३२५ सांगतो, की प्रत्येक मतदारसंघाची एकच सर्वसाधारण यादी असेल आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून कुणाचंही नाव वगळलं जाणार नाही. विधानसभेची तीच यादी प्रभागवार विभागून आमच्या निवडणुकीला आली होती. घटनेनं पुसलेला रकाना आम्ही तीन पेनांनी पुन्हा आखत होतो.

मी यादीच्या क्रमानं, म्हणजे घर क्रमांकानं चालायचं ठरवलं. प्रचारप्रमुख नाराज झाले, पण सोबत आले. चिन्हाचा एक फायदा झाला. “कोणतं चिन्ह?” विचारल्यावर “कपबशी” म्हटलं, की लोक हसत आणि चहा टाकत. ज्या घरांशी वीस-वीस वर्षं उंबऱ्याबाहेरूनच बोलणं होतं, तिथं मी आत बसून चहा प्यायलो. एका आजींनी बजावलं, “भाऊ, चहा दिला म्हणजे मत दिलं असं समजू नको हं.” ऐन प्रचारात ८ नोव्हेंबरला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. मग मतदार बँकेच्या रांगेतच भेटू लागले. ती रांगही कुणाचं आडनाव बघून लागलेली नव्हती.

मी हरलो. अनामत वाचली. मतमोजणी केंद्रनिहाय होते, त्यामुळे आकडे समोर आले. हिरव्या खुणांच्या केंद्रावर मला आमच्या हिशेबापेक्षा बरीच कमी मतं होती. तिथल्या तरुणांना पक्षाचा उमेदवार अधिक कामाचा वाटला, तो त्यांचा अधिकार. लाल खुणांच्या केंद्रावर मी दुसरा होतो. आठवड्याभरात गावात बोललं जाऊ लागलं, “अमक्या गल्लीनं मतं दिली नाहीत, बघून घेऊ.” केंद्रनिहाय आकड्यांचा हा धोका निवडणूक आयोगानंही ओळखला होता. अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणाऱ्या ‘टोटलायझर’ यंत्राचा प्रस्ताव आयोगानं २००८ मध्ये दिला होता. पुढे केंद्र सरकारनं त्याला विरोध केला.

२ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठानं चार विरुद्ध तीन अशा बहुमतानं निकाल दिला, की उमेदवाराच्याच काय, मतदाराच्या धर्माच्या, जातीच्या किंवा भाषेच्या नावानं मत मागणं हाही कायद्यानं भ्रष्टाचार ठरतो. ते प्रकरण आपल्या मुंबईतल्या सांताक्रूझच्या १९९० सालच्या विधानसभा निवडणुकीतलं होतं. निकालाला सत्तावीस वर्षं लागली. कायदा लोकसभा-विधानसभेचा असला, तरी गल्लीतल्या उमेदवारानंही तो वाचावा असा आहे. अर्थात, न्यायालय भाषणं तपासू शकतं. रात्री घरात बसून केलेल्या हिरव्या-लाल खुणा कोण तपासणार?

म्हणून जे तरुण-तरुणी उभं राहण्याचा विचार करत आहेत, त्यांना माझं एकच सांगणं आहे. यादी घ्या आणि क्रमानं चाला. पाय दुखतील, मतंही कदाचित कमी पडतील. पण घरं ओळखीची होतात. निकालानंतर महिन्याभरानं पाण्याचा अर्ज घेऊन मी नव्या नगरसेवकांकडे गेलो. पूर्वी एकटाच जात असे. या वेळी आम्ही सोळा जण होतो, आणि त्यांतले अकरा लाल खुणांच्या घरांतले होते. चहा देऊन मताचं बजावणाऱ्या त्या आजीही होत्या. अर्जावर पहिली सही त्यांची होती.