ठराव झाला, पण गाडी कोण ओढणार?

आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. मागं एकदा केंद्रावर काही जणींनी निरोप ठेवला होता, की तुमच्या गावात कचऱ्याची गाडी कशी सुरू झाली ते सांगा. म्हणून आज आलोय.

आपल्या सासवांच्या काळी दारात उकिरडा असायचा. शेण, राख, भाजीची देठं, खरकटं सगळं त्यात जायचं आणि उन्हाळ्यात गाडी भरून शेतात. त्याला कुणी कचरा म्हणत नव्हतं. आता त्याच उकिरड्यात चिप्सच्या पुड्या, शाम्पूची पाकिटं, गुटख्याचे कागद. ते शेतात गेलं की नांगराच्या फाळाला गुंडाळतं. म्हणून आम्हीही तेच करायचो जे सगळे करतात: ओढ्याकाठी नेऊन टाकायचं, नाहीतर संध्याकाळी पेटवून द्यायचं.

मग आमच्यातल्या एका ताईंची गाय गेली. गाभण होती. डॉक्टरांनी पोट उघडून दाखवलं, तर आत पिशव्यांचा घट्ट गोळा, वर सुतळी गुंडाळलेली. गाय गटाच्या कर्जावर घेतलेली आणि सात हप्ते बाकी. त्या पिशव्यांतली एखादी आपल्याच घरातली असेल, हे कुणी बोललं नाही, पण मनात सगळ्यांच्या होतं. ते हप्ते आम्ही गटातून लांबवून दिले.

ग्रामसभेआधी महिला सभा होते, ती आमच्याकडे कागदावरच व्हायची. त्या वेळी आम्ही चाळीस जणी जाऊन बसलो. उत्तर मिळालं, "हे नगरपालिकेचं काम, आपल्याकडं पैसे नाहीत." आम्ही गप्प बसलो, कारण आम्हालाही तसंच वाटत होतं. पुढं पंचायत समितीत चौकशी केली तेव्हा कळलं, की २०१६ च्या प्लॅस्टिक कचऱ्याच्या नियमांत ग्रामपंचायतीचं नाव स्पष्ट आहे. कचरा वेगळा करून घेणं, गोळा करणं, पुन्हा वापरात येणारा माल पुढं पाठवणं, आणि प्लॅस्टिक उघड्यावर जाळू न देणं, ही तिची जबाबदारी. वेगळा करून देणं ही आपली.

पैशाचंही तसंच. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत निधी ठरलेला होता, त्यातला ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या पैशातून घालायचा. आमचं गाव अठराशे लोकांचं. म्हणजे १ लाख ८ हजार, त्यातले ३२ हजार ४०० ग्रामपंचायतीचे. हा हिशोब आमच्या गटाच्या सचिवानं वहीवर मांडला आणि ती वहीच पुढच्या ग्रामसभेत नेली. हिशोब आपल्याला येतोच की, दर आठवड्याला करतो. तुमच्या गावाचा आकडा आणि आज चालू असलेली योजना मात्र पंचायत समितीतून विचारूनच घ्या.

ठराव झाला. ओला कचरा ज्याच्या दारात जागा आहे त्यानं घरीच जिरवायचा. सुका आठवड्यातून दोनदा गाडीला द्यायचा. घरटी महिना वीस रुपये. जाळताना किंवा ओढ्यात टाकताना सापडला तर दंड. टाळ्या वाजल्या.

आणि मग विषय निघाला, गाडी ओढणार कोण. मागून एक जण सहज म्हणाला, "त्या खालच्या आळीच्या बाया आहेत ना." मैत्रिणींनो, त्या आळीतल्या दोघी आमच्या गटात आहेत आणि त्या तिथंच बसलेल्या होत्या. एक उठली आणि म्हणाली, "दादा, कचरा तुमच्या घरचा, मग हात आमचेच का?" सभा एकदम शांत झाली. आम्हाला लाजही वाटली, कारण आम्हीही मनात तेच धरून चाललो होतो.

शेवटी असं ठरलं: काम गटाला, ठरलेल्या मजुरीवर, लेखी करारानं. हातमोजे आणि बूट ग्रामपंचायतीनं द्यायचे. पाळी सगळ्या आळ्यांतल्या बायांची. पहिल्या आठवड्यात आमच्यातल्या दोघींच्या घरी यावरून भांडणं झाली. एकीची सासू दोन दिवस तिच्या हातचं जेवली नाही. ती सासू आता सुकी पिशवी बांधून दारात उभी असते, पण त्याला पाच महिने लागले.

ओल्या कचऱ्यासाठी शाळेमागं दोन नाडेप टाक्या बांधल्या. पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी काढलेली ही पद्धत, त्यांच्या नावावरूनच नाडेप. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच. विटांच्या मधे हवेला फटी ठेवायच्या. काडीकचरा, शेणकाला, माती असे थर द्यायचे, वरून लिंपायचं आणि ओल टिकवायची. तीन-चार महिन्यांत खत. आमची पहिली टाकी फसली. पाणी घालायचं विसरलो आणि नुसती वाळकी काडी निघाली. दुसरीचं खत वांग्याला घातलंय.

सुक्यातलं पुठ्ठा, बाटल्या, पत्रा भंगारवाला नेतो. पातळ पिशव्या कुणी घेत नाही, त्या पोत्यात साठवून तालुक्याच्या केंद्रावर पाठवतो. दुकानदारानं पातळ पिशवी देणं आपल्या राज्यात २०१८ पासून बंद आहे, पहिल्या वेळचा दंड ५ हजार आहे. तरी बाजाराच्या दिवशी सर्रास मिळते. आम्ही जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून बाजारात पाच रुपयांना ठेवल्या. विकल्या जातात, फार नाही.

वीस रुपये निम्मी घरं देतात. उरलेल्यांत काही खरोखर देऊ शकत नाहीत, काही देऊ शकतात आणि देत नाहीत. पहिला दंड लावायची वेळ आली ती एका सदस्याच्या भावावर, लग्नाच्या पत्रावळी आणि ग्लास ओढ्यात टाकले म्हणून. पावती फाडायला तीन आठवडे लागले. फाडली.

डायपर आणि पॅडचं मात्र अजून जमलेलं नाही. कागदात गुंडाळून, वेगळी खूण करून द्या म्हणून सांगतो. पण बायांना पुरुषांसमोर गाडीत ती पुडी टाकायची लाज वाटते, त्यामुळं रात्री ती पुन्हा ओढ्याकडंच जाते. गाडीवर झाकणाचा वेगळा डबा लावावा आणि तो कुठं रिकामा करायचा ते ग्रामपंचायतीनं लेखी सांगावं, एवढंच मागणं २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधीच्या महिला सभेत मांडणार आहोत. तुमच्या गावात कुणी हे सोडवलं असेल तर केंद्रावर निरोप ठेवा, आम्ही बघायला येऊ.