यंत्राची ओळख आणि माणसाची पारख

दुकानातील फळीवर मांडलेल्या पन्नास डब्यांतून आपल्याला हवा तो डबा आपण क्षणात उचलतो. ही ओळख आपल्याला सहज वाटते. यंत्राला मात्र ती मोठ्या प्रयासाने शिकवावी लागली.

आरंभी माणसाने यंत्रासाठी सोपी वाट काढली. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, ट्रॉय गावच्या एका दुकानात, च्युइंग गमच्या पुडक्यावरील बारकोड यंत्राने वाचला. परंतु त्या रेघा म्हणजे केवळ एक क्रमांक. वस्तूचे रूप यंत्राला दिसतच नव्हते. रूपावरून वस्तू ओळखण्याची विद्या ती संगणकीय दृष्टी. असंख्य छायाचित्रे पुढे ठेवून रंग, कडा, आकार व अक्षरे यांचा मेळ कसा ओळखावा, याचा सराव संगणकाकडून करवून घेतात. २०१२ साली टोरांटो विद्यापीठातील जेफ्री हिंटन व त्यांच्या दोन शिष्यांनी या मार्गाने मोठे यश मिळविले आणि या विद्येला वेग आला. ओळखलेल्या वस्तूच्या चित्रावरच तिची किंमत किंवा घटक मोबाइलच्या पडद्यावर उमटविले, की त्याला संवर्धित वास्तव म्हणतात.

डोळस ग्राहकाला ही सोय वाटेल. अंध ग्राहकाला ती स्वावलंबन देते. २०१७ साली मायक्रोसॉफ्टने काढलेले ‘सीइंग एआय’ हे अ‍ॅप बारकोड कोठे आहे हे ध्वनीने सुचविते आणि वस्तूचे नाव बोलून सांगते.

तथापि एक भेद ध्यानी ठेवला पाहिजे. यंत्र साम्य पाहते. आतील वस्तूची ग्वाही देत नाही. एकाच कंपनीच्या दोन पुड्यांत कधी दोन शब्दांचेच अंतर असते, आणि शेंगदाणा ज्याला बाधतो त्याच्या दृष्टीने त्या दोन शब्दांवर प्रकृती अवलंबून असते. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी अंधांसाठी आणलेले ‘मनी’ अ‍ॅप नोट किती रुपयांची ते सांगते. ती खरी की खोटी, हे मात्र सांगत नाही, आणि बँकेने तसे स्पष्ट केले आहे. वस्तू ओळखणाऱ्या प्रत्येक यंत्राने हाच प्रामाणिकपणा पाळावा. संशय असेल तेथे त्याने ‘निश्चित सांगता येत नाही’ असे म्हणावे, आणि घटक व मुदतीची तारीख छापील अक्षरांवरून वाचून दाखवावी. तसे झाले, तरच अंध ग्राहक त्याच्यावर निर्धास्त विसंबू शकेल.