गलबतावरचा दिवस

कोकणच्या किनाऱ्याने शिडाच्या गलबतांतून चालणारी मालवाहतूक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकून होती. मंगलोरी कौले, नारळ, काथ्या, जळाऊ लाकूड मुंबईकडे येई आणि धान्य, कापड, रॉकेल परत जाई. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून हंगामाची तयारी सुरू होई, पावसाळी वारे पुरते निवले की लांबच्या खेपा सुरू होत आणि मे महिन्यापर्यंत चालत. या काळात गलबतावरच्या माणसांनी उठायचे कधी, जेवायचे कधी, झोपायचे कधी, हे दोन वारे ठरवीत.

रात्री जमीन समुद्राहून लवकर निवते. त्यामुळे मध्यरात्रीच्या सुमारास जमिनीवरून पाण्याकडे मतलई वारा सुटतो आणि सकाळी नऊ-दहापर्यंत टिकतो. ऊन तापले की उलट वाहणारा खारा वारा उठतो. तो कोकणात बहुधा वायव्येकडून येतो, दुपारी तीन-चारला जोर धरतो आणि तिन्हीसांजेला पडतो. मुंबईहून मालवण-वेंगुर्ल्याकडे निघालेल्या गलबताला दोन्ही वारे सोयीचे. मुंबईकडे येणाऱ्याच्या मात्र दुपारचा वारा थेट तोंडावर. अशा वेळी तांडेल, म्हणजे गलबताचा प्रमुख, पहाटेच्या मतलईवर गलबत बाहेर खोल समुद्रात काढी आणि दुपारच्या वाऱ्यावर तिरके धरून पुन्हा किनाऱ्याकडे आणी. तेही जमेनासे झाले, तर एखाद्या भूशिराच्या आडोशाला नांगर टाकून वारा पडण्याची वाट पाहणे एवढेच हाती राही. शिडाच्या प्रवासाच्या रम्य वर्णनांत हे ताटकळणे सहसा येत नाही. थंडीत मतलई जोरदार असतो, चैत्र-वैशाखात तो क्षीण होतो, म्हणून हंगामाच्या अखेरीस उत्तरेची खेप लांबे.

दिवस अंधारातच सुरू होई. काथ्याचा भिजलेला जाड दोर हातांनी ओढत नांगर वर घ्यायचा, मग परबाण म्हणजे शीड बांधलेली लांब तिरकी काठी डोलकाठीवर चढवायची. कूस बदलायची, म्हणजे वारा दुसऱ्या बाजूने घ्यायचा, तर हीच जड काठी शिडासकट डोलकाठीच्या दुसऱ्या बाजूला न्यावी लागे. त्याला सगळे हात लागत, त्यामुळे झोपलेल्यालाही उठवले जाई. एरवी एक जण सुकाणूवर बसे आणि बाकीच्यांच्या वाट्याला तळात साचलेले पाणी उपसणे, शीड शिवणे, दोर वळणे अशी न संपणारी कामे येत.

गोडे पाणी पिंपांत भरून घेतलेले असे आणि ते पिण्यापुरते व शिजवण्यापुरते. अंघोळ, भांडी, तांदूळ धुणे, सारे खाऱ्या पाण्यात. शिजवतानाही थोडे समुद्राचे पाणी घातले की मिठाचे काम भागे. मातीने लिंपलेल्या लाकडी खोक्यात चूल मांडलेली असे. ठिणगी उडाली तर शीड, दोर, तेल मुरलेले लाकूड, सगळेच पेट घेण्याजोगे, म्हणून वारा चढण्याआधी भात उरकून घेण्याकडे कल असे. सोबत कुळथाची पिठी, सुकट, सोलांचे सार आणि गळाला लागला तर ताजा मासा. भाजी बंदरात उतरल्यावरच मिळे.

दिशा राखायला किनारा पुरेसा होता. जयगड, विजयदुर्ग, डोंगरांचे आकार, देवळांचे कळस या तांडेलाच्या दिवसाच्या खुणा. रात्री ध्रुवतारा आणि दीपस्तंभ. खांदेरीचा दीपस्तंभ १८६७ पासून मुंबईच्या वाटेवर आहे. खोली अजमावायला दोरीला बांधलेले शिसे सोडत.

खाडीत शिरताना मात्र भरतीचा हिशेब चुकून चालत नसे, कारण बाणकोटसारख्या मुखांशी वाळूचे दांडे आहेत. मुंबईला उधाणाची भरती चार मीटरांहून अधिक चढते, गोव्याकडे ती बरीच कमी. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. मुंबईपुरता तांडेलाचा ठोकताळा सोपा होता: तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दाभोळहून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत वाशिष्ठीतून वर जायचे तर चढत्या पाण्याबरोबरच जावे लागे. भरती संपली की पुढची येईपर्यंत मुक्काम. मग कुणी जाळे दुरुस्त करी, कुणी झोप काढी.

पावसाळ्यापूर्वी गलबत उधाणाच्या भरतीवर किनाऱ्यावर घेत. फळ्यांच्या सांध्यांत कापूस भरून, लाकडाला माशाचे तेल चोपडून वर झापांचे छप्पर घालत. हंगामाचा हिशेबही तेव्हाच होई. भाड्यातून खर्च वजा जाता उरलेल्या रकमेचे वाटे पडत. मोठा वाटा गलबताच्या धन्याचा, मग तांडेलाचा, मग खलाशांचा. आगाऊ उचल घेतलेल्या खलाशाला त्यातून रोख थोडेच मिळे.