नवदीक्षितांच्या घरातील मतभेद
(वर्षावासातील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



धम्मदीक्षेचा विधी अर्ध्या तासात आटोपतो. त्यानंतर घरी गेल्यावर जे सुरू होते, त्याविषयी आज मला बोलावयाचे आहे. आपल्यापैकी कित्येक कुटुंबांनी अलीकडेच दीक्षा घेतली आहे. तरुणांना सारे एका रात्रीत बदलावयाचे आहे, वृद्धांना धीर धरवत नाही, आणि दोघांच्या मध्ये घरातील सुनेची ओढाताण होते. ही स्थिती मला ऐकून माहीत नाही, भोगून माहीत आहे.

आमच्या घराने 1974 साली दीक्षा घेतली. मी तेव्हा 22 वर्षांचा, नुकताच नोकरीस लागलेला होतो. बावीस प्रतिज्ञा मला मुखोद्गत होत्या. दीक्षेनंतर तिसऱ्याच दिवशी मी देव्हाऱ्यातील खंडोबा-भवानीचे टाक फडक्यात बांधले आणि आईला न विचारता नदीत सोडून आलो. आई मला एक शब्दही बोलली नाही. मात्र दोन दिवस तिने अन्नाला स्पर्श केला नाही. मी मित्रांना अभिमानाने सांगत होतो की, आमचे घर स्वच्छ झाले. पुढे कित्येक महिन्यांनी आत्याकडून मला कळले की, ते चांदीचे टाक माझ्या वडिलांनी गिरणीतल्या पहिल्या पगारातून करवून घेतले होते. वडील वारून तेव्हा चारच वर्षे झाली होती. त्यांच्या हातची म्हणावी अशी दुसरी वस्तू घरात नव्हती.

टाक घराबाहेर जावयास हवेच होते, ह्याविषयी माझे मत आजही तसूभर बदललेले नाही. प्रतिज्ञा घ्यावयाची आणि देव्हारा राखावयाचा, हे दोन्ही चालणार नाही. परंतु आईच्या मनात त्या टाकांशी देव किती जोडलेला होता आणि धनी किती, हे विचारण्याची मला गरज भासली नाही. विचारले असते तर कदाचित तिनेच ते उचलून माझ्या हाती दिले असते. ती संधी मी तिच्याकडून हिरावून घेतली.

ह्या बाबतीत बाबासाहेबांच्या घरचा एक प्रसंग आपण ध्यानात ठेवावा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथासाठी त्यांनी लिहिलेल्या प्रस्तावनेत तो आला आहे. 1957 साली ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा ही प्रस्तावना त्यात छापली गेली नव्हती. वडील रामजी सकपाळ कबीरपंथी, लष्करात नोकरी केलेले, शिस्तीचे कडक. मुलांकडून ते रामायण-महाभारत नेमाने वाचून घेत. भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते वाचून मुलाच्या मनात प्रश्न उभा राहिला : ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची हीनता गायिली आहे, ते वडील आम्हांला का वाचावयास लावतात? प्रश्न वडिलांना आवडला नाही. तुम्ही अजून पोरे आहात, सांगतो ते करा, अशा अर्थाचे उत्तर मिळाले.

येथपर्यंतची कथा आपल्यापैकी कोणाच्याही घरातली आहे. पुढचे मात्र दुर्मिळ आहे. काही दिवसांनी मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि ह्या वेळी वडील उत्तराची तयारी करून बसले होते! आपण अस्पृश्य समाजातले, मनात न्यूनगंड वाढण्याची भीती. द्रोण, कर्ण, वाल्मीकी हे लहान कुळातून किती उंच चढले हे कळावे म्हणून वाचावयास लावतो, असे त्यांनी समजावून सांगितले. त्या म्हणण्यात काही तथ्य आहे हे मुलाने ओळखले. तरी त्याचे समाधान झाले नाही, आणि तसे त्याने वडिलांना स्पष्ट सांगितलेही. कोणी कोणाला जिंकले नाही. पण त्या काळच्या कडक बापाने पोराच्या प्रश्नावर दिवसचे दिवस विचार केला, ही लहान गोष्ट नव्हे. आमच्यातले किती वडील असे करतात? वयाकडे पाहून प्रश्न उडवून लावणाऱ्यांनी संयुत्तनिकायातील दहर सुत्त वाचावे. भगवंतांच्या तरुण वयाबद्दल राजा प्रसेनजिताने शंका घेतली, तेव्हा लहान म्हणून तुच्छ मानू नये अशा चार गोष्टी त्यांनी राजाला सांगितल्या. त्यांत ठिणगीएवढा अग्नीही आहे.

तरुणांसाठी मी दीघनिकायातील सोणदंडाची गोष्ट सांगतो. चंपा नगरीतला हा वृद्ध ब्राह्मण आचार्य वादात भगवंतांपुढे निरुत्तर झाला, उपासक झाला, दुसऱ्या दिवशी त्याने भगवंतांना घरी भोजन दिले. आणि मग मनातली अडचण बोलून दाखविली : भर सभेत मी आसनावरून उठून आपणांस वंदन केले तर लोक मला हिणवतील, माझी प्रतिष्ठा जाईल आणि तिच्यावरच माझी उपजीविका आहे, म्हणून सभेत मी बसल्या जागी हात जोडले तर मी उठून उभा राहिलो असे समजावे. रथात असताना चाबकाची काठी उंचावली तर रथातून उतरलो असे समजावे.

त्याला भित्रा म्हणावयास मी तयार आहे. भगवंतांनी तसे म्हटले नाही. त्यांनी त्याला धम्म सांगितला आणि ते उठून गेले. एका प्रतिष्ठित ब्राह्मणाच्या संकोचाला जी मुभा मिळाली, ती आपण आपल्या आईला, आजीला नाकारावी काय?

ह्याचा विपरीत अर्थ कोणी काढू नये. वृद्धांचे मन राखण्यासाठी कर्ज काढून जत्रा करणे, तापाने फणफणलेल्या लेकराला दवाखान्यात न नेता गंडा बांधणे, कोंबड्या-बकऱ्याचा बळी देणे, हे आदर म्हणून चालू द्यावयाचे नाही. तेथे ठाम नकारच द्यावा लागतो. तो आवाज न चढवता, समोर बसून देता येतो.

माझ्या आईने पुढे नातीकडून त्रिशरण-पंचशील पाठ केले. प्रत्येक शब्दाचा अर्थ ती विचारून घेई; मला ते कधी सुचले नव्हते. पौर्णिमेला विहारात सर्वांच्या आधी जाऊन झाडलोट करी. पण नदीच्या पुलावरून जाताना पदर सावरून हात जोडण्याची तिची सवय अखेरपर्यंत सुटली नाही. एकदा माझ्या मुलीने तिला हटकले, ‘‘आजी, नदीला कशाला नमस्कार?’’

आई म्हणाली, ‘‘नदीला न्हाय, बाय. तुझ्या आज्याला.’’

मी शेजारीच होतो. त्या दिवशी मीही हात जोडले.

जय भीम!